पुसल्या नावाचा डबा

“आधी तो कमरेचा पट्टा काढ,” आत्या म्हणाली आणि भाच्याच्या हातातला डबा तिनं दोन्ही तळव्यांनी अलगद काढून घेतला. झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतात, तसा.

“पट्टा? कशाला?”

“लोखंडी बक्कल आहे त्याला. बूटही काढ, खिळ्यांचे आहेत. फोन वर ठेवून ये. आणि येताना स्वयंपाकघरातला लाकडी चमचा आण. स्टीलचा आणलास तर आल्या पावली परत पाठवीन.”

भाचा पन्नाशीचा. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि आठवड्याचे सहा दिवस तो लोकांना ‘ही ओळ दिसते का, आता दिसते का’ एवढंच विचारत असे. पण जिन्यात पट्टा हातात घेऊन मोज्यांवर उभा राहिला तेव्हा तो आत्याला सात वर्षांचाच वाटला. ती हसली नाही. हातात डबा असताना हसायचं नसतं.

रविवार मात्र त्याचा स्वतःचा. त्या दिवशी तो शहराबाहेरच्या चांदमारीवर ठासणीची रायफल घेऊन जायचा. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, मग मेण लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची, मग गजानं खालपर्यंत ठासायची, मग घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची, आणि एवढं झाल्यावर नेम धरायचा. एका गोळीला चांगली दोन-तीन मिनिटं. “तेवढ्यात समोरचा शत्रू जेवून, हात धुऊन, झोप काढून येईल,” असं त्याची बायको म्हणायची. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, “येऊ दे की. मला कुठं घाई आहे?”

हा डबा त्याला त्याच छंदापायी मिळाला होता. दगडाच्या खाणीवरचा एक मुकादम वारला. त्याच्या बायकोनं गोळ्या ओतायचे साचे आणि जुने गज भरलेली एक पेटी काढून टाकली. भाच्यानं ती आणली. आणि पेटीच्या तळाशी हा निघाला. चहाच्या पेल्याहून थोडा मोठा, तोंड मेणानं बंद केलेला, हलवला की वाळूसारखा आवाज करणारा. बाहेरचा कागद कसरीनं असा खाल्ला होता की नुसती नक्षीची कड उरली होती. नाव नाही, वर्ष नाही.

चांदमारीवरच्या मास्तरांनी तो हातातही घेतला नव्हता. “ज्याला नाव नाही त्याला नळी नाही,” ते म्हणाले होते. त्यांचं खरंच होतं. आत काळी दारू असेल तर ठीक. पण नव्या काळातली बिनधुराची असली, तर तिचा जोर जुन्या नळीला सोसत नाही. नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडते, आणि गाल तर तिला लावलेला असतो. “पाण्यात कालव आणि झाडांना घाल,” मास्तरांनी निकाल दिला होता.

झाडांना घालण्याआधी भाच्याला आत्या आठवली.

आत्या एक्याऐंशीची, त्याच्याच घरात, दुकानाच्या वर राहायची. विसाव्या वर्षापासून चौतिसाव्यापर्यंत, कारखाना बंद पडेस्तोवर, ती दारूच्या कारखान्यात होती. हे वाक्य तिच्या वडिलांना आयुष्यभर नडलं. मुलगी कुठं जाते असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, “दारूच्या कारखान्यात,” आणि समोरच्याचे डोळे मोठे झाले की घाईनं जोडायचे, “प्यायची नव्हे हो, उडवायची!” तेव्हा ते डोळे आणखी मोठे व्हायचे. शेजारचा एक गृहस्थ तर ‘जमलं तर एखादी बाटली’ असं कानात सांगूनही गेला होता.

सहा वर्षं तिनं टेबलावर दारू चाळली. अशी आठ टेबलं होती आणि आठ बाया. पुढची आठ वर्षं ती तपासनीस होती. बायांनी भरलेला प्रत्येक डबा सील होण्याआधी तिच्यासमोर यायचा, आणि तिची निळी पेन्सिल फिरल्याशिवाय पुढं जायचा नाही. तिच्या हाताखालून वाईट डबा गेला, असं एकदाही झालं नाही. हे ती फुशारकीनं सांगत नसे. आपली उंची सांगावी तसं सांगे.

पण चौदा वर्षांत तिनं दारू उडताना कधी पाहिली नव्हती. तिथं आवाज ही भीतीची गोष्ट होती. सगळ्या जणी कापडी सपाता घालून, केसांत पीनसुद्धा न लावता, बोटांनी काम करायच्या आणि कानांनी भ्यायच्या. एकदा, सुट्टीच्या दिवशी, मिश्रणाच्या शेडचं छप्पर उडालं. आत फक्त मांजर होतं, आणि ते तिसऱ्या दिवशी काळं होऊन, पण तोऱ्यात, जेवायला हजर झालं. त्यावर सगळ्या पोट धरधरून हसल्या होत्या. त्या हसण्यात काय होतं ते जिचं तिला माहीत. जन्मभर रांधावं आणि एकालाही जेवताना पाहू नये, तसं आत्याचं झालं होतं.

मागच्या अंगणात भर दुपारी दोघं बसली. तिनं मेण लाकडी चमच्याच्या दांड्यानं खरवडलं, झाकण फिरवलं, आणि नाक आत घातलं.

“कसला वास येतोय?” भाच्यानं विचारलं.

“कसलाच नाही.” तिचे डोळे मिटलेले होते. “म्हणजे कोरडी आहे. ओल शिरली असती तर वास मारला असता.”

पांढऱ्या कागदावर तिनं चमचाभर दारू ओतली. मोहरीएवढे काळे दाणे, पेन्सिलीच्या टोकासारखी चमक असलेले. कागद तिरका केला. दाणे एका रांगेत घरंगळले आणि मागं कागद पांढरा शुभ्र राहिला. भुकटी नाही. मग एक दाणा तिनं दोन नखांत धरून दाबला. तो चुरला नाही, टचकन मोडला. मग डब्याच्या सांध्यावरून तिचा अंगठा खाली गेला, आणि तिथंच थांबला.

“डबा आमच्याकडचा आहे,” ती म्हणाली. “सांधा डावीकडून मारलाय. आमचा डबे घडवणारा डावखुरा होता.”

“पण आतलं? डब्यात दुसरं कुणी भरलं असेल तर?”

“शाबास,” आत्या म्हणाली. “आता तपासनिसासारखा बोललास.”

चिमूटभर दारू फरशीच्या तुकड्यावर ठेवली गेली. डबा घरात, दोन दारांपलीकडं गेला. लांब काठीच्या टोकाला काडी बांधून झाली, आणि आत्यानं ती काठी भाच्याकडं दिली.

“तू लाव.”

“आणि तू?”

“मी इथून बघते.” ‘इथून’ म्हणजे दाराआडून, एका डोळ्यानं.

फस्स! एका क्षणात, सगळी एकदम. पांढऱ्या धुराचा एक गुबगुबीत गोळा उठला, भिंतीला टेकला आणि सावकाश वर गेला. फरशीवर राखाडी डाग तेवढा उरला. कुजक्या अंड्याचा वास पसरला. भाच्यानं नाक मुरडलं. आत्या मात्र दाराआडून बाहेर आली, धुराच्या खाली येऊन उभी राहिली, आणि तिनं मान वर करून दीर्घ श्वास घेतला.

“काळीच,” ती म्हणाली. “बिनधुराची असती तर पिवळ्या ज्योतीनं आळसात जळत बसली असती, असं आम्हाला शिकवलं होतं.” मग इकडंतिकडं बघून, “अजून एक चिमूट लावू या का?”

“खात्री करायला?”

“हो तर. खात्री करायलाच.”

खात्री चार वेळा झाली. चौथ्या वेळी काठी तिच्या हातात होती.

रविवारी सकाळी चांदमारीवर सातआठ जण जमलेले होते. मास्तर सत्तरीचे, कोरीव मिशीचे, आणि नियमांचे इतके पक्के की स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी कानाला बोळे नव्हते म्हणून दोनदा घरी पाठवलं होतं. त्यांनी डबा बघितला, भाच्याकडं बघितलं, आणि हात पाठीमागं बांधले.

“मी काय सांगितलं होतं?”

“आत्याला घेऊन आलोय,” भाचा म्हणाला.

“आत्या काय करणार?”

“तुमचं अडलेलं गणित सोडवणार,” आत्या म्हणाली. “पांढरा कागद आहे का हो तुमच्याकडं? आणि सिगारेट ओढणारं जे कुणी आहे, त्यांनी पार त्या झाडापर्यंत जा.”

सिगारेट ओढणाऱ्या दंतवैद्यबाई निमूट झाडापर्यंत गेल्या.

आत्यानं कागद, दाणे, नख, फरशी, काठी असं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून बघत होते. त्यांनी मध्ये तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं त्यांना प्रश्न पुरा व्हायच्या आत मिळाली. शेवटी ते सरळ उभे राहिले.

“आत्याबाई, दारू पटली. पण पहिली गोळी कुणाच्या खांद्यावरून जाणार नाही. अर्धं माप, रायफल वाळूच्या पोत्यांत बांधायची, चापाला दोरी, आणि सगळे भिंतीमागं.”

“मी हेच सांगणार होते,” आत्या म्हणाली. “तुम्ही नसतं सांगितलं तर मी भाच्याला घरी नेलं असतं.”

इथं त्या दोघांचं जमलं.

भाच्यानं डब्यातून दारू आधी मापात आणि मापातून नळीत ओतली. रायफल त्याच्या पणजोबांच्या वयाची होती आणि त्याचा जीव तिच्यावर होता. दोरीचं टोक त्यानंच हातात घेतलं. भिंतीमागं तिनं कानांवर हात ठेवले, आणि मग, का कोण जाणे, काढले.

आवाज झाला.

तिला वाटला होता तसा तो नव्हता. तिनं चौदा वर्षं जो आवाज मनात ऐकला होता तो फाटणारा होता, काचा आणि पत्रे घेऊन येणारा. हा भरदार होता, गोल. मोठ्या माणसानं मोकळ्या मनानं खाकरावं तसा. टेकडीवर जाऊन तो परत आला, आणि धुराचा ढग मैदानावरून चालत निघाला.

“बस, एवढाच?” आत्या म्हणाली.

सगळे हसले. नळी तपासली गेली. साधा ओरखडाही नाही. मग पूर्ण माप झालं, पुन्हा दोरीनं. मग भाचा स्वतः पोत्यांमागं आडवा झाला आणि पन्नास पावलांवरच्या कागदावर त्यानं पाच गोळ्या झाडल्या. मास्तरांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावलेलीच ठेवली.

“तू काय खाऊन आलास आज?” ते म्हणाले.

बारा वर्षांत भाच्याची पाच छिद्रं कधी एका ताटात मावली नव्हती. आज ती पेल्याच्या तोंडाखाली झाकली असती. कागद हातोहात फिरला. दंतवैद्यबाईंनी छिद्रात करंगळी घालून बघितली. पत्र्याच्या शेडखाली एकच गलका झाला, आणि त्या गलक्यात कुणीतरी म्हणालं, “आता आत्याबाईंची पाळी.”

ती नको म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, “खुर्ची द्या. आडवी झाले तर उठवायला चौघं लागतील.”

रायफल पोत्यांवर टेकवली, दस्ता तिच्या खांद्याशी उशी घालून बसवला. भाचा शेजारी गुडघ्यावर बसला.

“नळीच्या टोकावरची माशी त्या काळ्या ठिपक्याखाली धर. श्वास सोड. मग चाप नुसता दाब, ओढू नकोस.”

“कळलं. ही ओळ दिसते का विचारू नकोस म्हणजे झालं.”

बार झाला आणि ती धुराच्या पलीकडं दिसेनाशी झाली. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही आणि मग हसणं आलं. बारीक, थांबता न थांबणारं, वीस वर्षांच्या मुलीचं हसणं. धूर विरला तेव्हा ती खुर्चीत बसून डोळे पुसत होती आणि गालावर काजळीचा पट्टा होता. गोळी कागदाला लागलीच नव्हती. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, तिला तर मुळीच नाही.

मग तिनं प्रत्येकाला एकेक माप द्यायचं फर्मान काढलं. भाच्यानं तिला बाजूला घेतलं.

“आत्या, थोडी ठेवू या ना. अशी पुन्हा मिळणार नाही.”

“ठेवून काय करशील? पुन्हा पेटीत? आम्ही काय ती जपायला केली होती?”

डबा फिरत राहिला. दुपार व्हायच्या आत तो रिकामा झाला. मास्तर आपली जाडी वही घेऊन आले. चांदमारीवर वापरलेल्या प्रत्येक दारूची त्यात नोंद असे. “आत्याबाई, प्रत कोणती लिहू?” त्यांनी विचारलं.

“लिहा अव्वल,” ती म्हणाली, आणि उरलेसुरले दाणे निघावेत म्हणून डबा कागदावर उपडा करून टिचकी मारली.

डब्याच्या तळाशी चिकटलेली एक चिठ्ठी खाली पडली. डबा तपासून झाला की चिठ्ठी तळाशी ठेवून वर दारू परत ओतायची, हा कारखान्याचा रिवाज ती विसरूनच गेली होती. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण निळी पेन्सिल जशीच्या तशी होती. टेबल तिसरं. तारीख. आणि खाली दोन ओळी: ‘दाणा विषम. नापास. खाणीकडे पाठवावा.’

अक्षर तिचंच होतं. शेवटच्या ‘वा’चा काना ती तेव्हाही असाच लांब ओढायची.

ती बाकावर बसली. पुसायला काही नव्हतं तरी तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मास्तर पेन उघडं धरून उभे होते.

“काय आहे आत्या?” भाच्यानं विचारलं.

“तिसरं टेबल,” ती म्हणाली. “टिटवीचं.”

“कोण टिटवी?”

“होती एक. सारखी बोलायची, म्हणून टिटवी. सहा वर्षं कोपराला कोपर लावून चाळलं आम्ही. एका डब्यात जेवलो.” तिचा अंगठा चिठ्ठीवरून फिरत होता. “मग मला तपासनीस केलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचा डबा माझ्यासमोर आला. सगळ्या जणी बघत होत्या, मी काय करते ते.”

“वाईट होता?”

“चाळणीवर चार दाणे मोठे निघाले. चार दाणे सगळ्यांचेच निघायचे.” तिनं चिठ्ठीची दुमडलेली कड सरळ केली. “मैत्रीण म्हणून सोडलं, असं कुणी म्हणायला नको होतं मला. दारू गेली खाणीवर दगड फोडायला, आणि तिला टेबलावरून उठवून लेबलं चिकटवायला बसवलं. भांडली नाही ती. फक्त जेवायला दुसरीकडं बसायला लागली.”

मैदानात शेवटच्या गोळीचा धूर अजून रेंगाळत होता. भाचा डोकं खाजवत होता.

“आत्या, सारखी बोलणारी म्हणजे, डाव्या भुवईवर चामखीळ असलेली, मोठ्या आवाजाची?”

आत्यानं मान वर केली.

“आपल्याकडंच चष्मा करते ती,” भाचा म्हणाला. “दर दोन वर्षांनी. बस आगाराच्या मागं राहते. तिकडं चष्म्याची तीन दुकानं आहेत, पण येते आपल्या दुकानात. वर कोण राहतं हे कधी विचारत नाही. जिन्याकडं बघते मात्र.”

आत्या उठली. तिनं मास्तरांच्या वहीत डोकावून पाहिलं, ‘अव्वल’ लिहिलंय याची खात्री केली आणि म्हणाली, “त्याच्यापुढं लिहा, टेबल तिसरं.” मग भाच्याकडं वळून, “तुझा तो पाच छिद्रांचा कागद मला दे.”

“तो मी दुकानात लावणार होतो!”

“तुझे नंतर होतील. आता दारूला दोष देता येणार नाही, एवढंच.”

गाडीत तिनं कागद मांडीवर उघडा ठेवला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर हात. आगाराच्या मागच्या गल्लीत भाच्यानं घर दाखवलं तेव्हा ती गालावरची काजळी न पुसताच उतरली. “मी येऊ?” त्यानं विचारलं. “तू इथंच बस,” ती म्हणाली, आणि तीन पायऱ्या एकटी चढली.

आतून आधी आवाज आला, “कोण आहे ते? येते येते, दार काय पळून चाललंय?” आणि मग दार उघडलं.

दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. आत्यानं कागद पुढं केला. टिटवीनं तो घेतला, चष्म्याशी नेला, छिद्रं मोजली. मग नाकाशी नेला आणि वास घेतला. तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

“माझी?”

“तुझी.”

“कळायला एवढी वर्षं लागली होय गं तुला?”

“डबा आजच रिकामा झाला,” आत्या म्हणाली.

टिटवीनं कागदाची काळजीपूर्वक घडी घातली, बाहेर गाडीत बसलेल्या चष्मेवाल्याकडं एकदा बघितलं, आणि आत्याचा दंड धरून तिला आत ओढलं. दार लागलं. पण बोलणं पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं, आणि भाच्यानं गाडी बंद केली.